काळीच्या खोऱ्यातली माणसं मोजताना

लॅमिंग्टन रोड म्हटलं की मुंबईकराला ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आठवतो. हुबळीचा लॅमिंग्टन रोड त्या मानाने सरळमार्गी आहे. शाळा, वह्या-पुस्तकांची आणि कापडाची दुकानं, बँका, जवळच नेहरू मैदान, संध्याकाळी हातगाडीवर गिरमिट आणि मिरचीभजी. दोन्ही रस्त्यांना नाव मात्र एकाच माणसाचं. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पुढे १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर याच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा व्यासपीठावर हा म्हातारा गव्हर्नरही बसलेला होता. त्याच्या हाताला गोळी लागली. मुंबईने त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन बरीच वर्षं झाली, पण बोलण्यात लॅमिंग्टन गेला नाही.

मी हुबळीत उतरलो होतो तो पुढे दांडेली-जोयड्याकडे जायचं म्हणून. लॉजच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "जंगल बघायला काय?" म्हटलं, जंगल आहेच, पण मला तिथली माणसं बघायची आहेत. ते हसले. "माणसंच बघायची तर इथंच थांबा की हो. तिकडं कुठली माणसं?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणून हाताशी आकडे आहेत ते २०११चे. त्यात एकट्या हुबळी-धारवाड शहरात सव्वानऊ लाखांहून जास्त लोक. धारवाड जिल्हा साडेअठरा लाखांच्या आसपास, चौरस किलोमीटरला ४३४ माणसं. त्याला लागून असलेला उत्तर कन्नड जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, त्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास जमीन जंगलाखाली, आणि लोकसंख्या १४ लाख ३७ हजार. चौरस किलोमीटरला १४०. आधीच्या दहा वर्षांत धारवाड जिल्हा पंधरा टक्क्यांनी वाढला, कर्नाटक राज्यही साधारण तेवढंच, आणि उत्तर कन्नड जेमतेम सहा टक्क्यांनी. सह्याद्रीच्या कण्यावर हे सगळीकडे असंच आहे. कोडगू एका टक्क्याच्या आसपास वाढलं. आपल्याकडे तर वाढ सोडाच, त्याच दशकात रत्नागिरी जवळजवळ पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्ग दोन टक्क्यांनी घटला. आपण मुंबईच्या चाकरमान्यांवर नाटकं लिहिली, गणपतीच्या गाड्यांचे हिशेब ठेवले. घाटाच्या या बाजूच्या मराठी मुलखाचं काय झालं, ते कोणी फारसं विचारत नाही. हल्याळ, दांडेली, जोयडा हा तो मुलूख. मराठी आणि कोंकणी बोलणारा, कागदोपत्री कन्नड, आणि सगळा काळी नदीच्या खोऱ्यातला.

हुबळीहून धारवाडपर्यंत 'चिगरी' बसने गेलो. जलद बससेवेसाठी वेगळ्या राखलेल्या मार्गिकेतून या वातानुकूलित गाड्या धावतात, आणि शेजारच्या रस्त्यावर अडकलेल्यांकडे बघत जाण्याचं सुख स्वस्तात मिळतं. धारवाडला गाडी बदलून लाल बसने हल्याळ. धारवाड ही मोठी सोयीची सीमा आहे. शहराच्या पूर्वेला कापूस-ज्वारीची काळी रानं, पश्चिमेला डोंगराळ मलनाड. बस शहराबाहेर पडली की अर्ध्या तासात माती तांबडी होते, भाताची खाचरं दिसू लागतात आणि साग रस्त्याला येऊन टेकतो. जानेवारीचे दिवस होते. भात निघाला होता, आणि ऊस लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत हल्याळच्या साखर कारखान्याकडे चालले होते. आमची बस त्यांच्या मागे गोगलगाईसारखी.

हा रस्ता म्हणजे एका जुन्या स्वप्नाचा अवशेष आहे. उत्तर कन्नड पूर्वी मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली तो मुंबईला जोडला गेला, त्यामागे धारवाडच्या कापसाची ओढ होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा, आणि धारवाड-हुबळीचा कापूस घाट उतरवून कारवार बंदरात न्यायचा तर बंदर आणि रान एकाच सरकारच्या हाताखाली असलेली बरी, असा हिशेब. बंदर काही त्या मानाने वाढलं नाही. युद्ध संपलं, आणि १८८० च्या दशकात रेल्वे आली ती कॅसलरॉकवरून पोर्तुगिजांच्या मुरगावला उतरली. कॅसलरॉक आजच्या जोयडा तालुक्यात. १९६१ पर्यंत तिथे आंतरराष्ट्रीय सरहद्दीचं स्टेशन होतं, जकातीचा कारभार होता. गोवा मुक्त झाला, जकात उठली आणि गावाची रयाच गेली. हुबळी-अंकोला रेल्वेमार्ग १९९०च्या दशकात मंजूर झाला, तो जंगलाच्या परवानग्यांत आणि कोर्टकचेऱ्यांत अडकला. म्हणजे मँचेस्टरवाल्यांचा हट्ट अजून पुरा व्हायचाच आहे.

हल्याळच्या स्टँडवर उतरताच कानावर मराठी पडलं. बेळगावी वळणाचं, वाक्यागणिक 'की' लावणारं. दुकानांच्या पाट्या कन्नड, मालक मराठे, चौकात शिवाजी महाराज. हे गाव कुस्तीचं. चहाच्या टपरीवर बसलेल्या दोघा शेतकऱ्यांपैकी एकाचे कान पैलवानासारखे चुरगळलेले होते. मी लोकसंख्येचा विषय काढला, तर त्यांनी तो आधी उसावर आणि मग तापावर आणला. "आमच्या आज्याच्या वक्ताला हितं माणूस टिकत नव्हता," तो कानमोड्या म्हणाला. "ताप यायचा. सुप्याकडं तर सोयरीकच करत नव्हते, पोरगी द्यायची म्हणजे मारायला धाडायची म्हनं."

ही नुसती थाप नाही. जनगणनेच्या जुन्या तक्त्यांत तो ताप दिसतो. १९०१ साली उत्तर कन्नड जिल्ह्यात साडेचार लाखांहून जास्त माणसं होती. १९२१ पर्यंत ती चार लाखांवर घसरली. देशभर १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने माणसं नेली हे खरं, पण इथली घसरण त्याआधीच सुरू झाली होती, आणि सर्वांत जास्त ती घाटावरच्या जंगली भागात, सुपा (म्हणजे आजचा जोयडा तालुका) आणि यल्लापुराकडे. त्याला हिवताप हे एक कारण. दुसरं सरकारी. १८६० नंतर कुमरीवर, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर, निर्बंध आले. मग राखीव जंगलं आली. साग हवा होता जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना. ज्यांची शेती डोंगरउतारावर फिरत होती त्यांची जमीनच कागदावरून नाहीशी झाली. कुमरी बंद झाली, वस्त्या विरळ झाल्या, आवरायला माणूस नाही म्हणून रान आणखी दाटलं. ताप आणि जंगलखातं यांपैकी कोणी किती माणसं हाकलली, याची वाटणी आज करता येणार नाही. दोघांनी मिळून खोरं रिकामं केलं, एवढं खरं.

ते पुन्हा भरायला लागलं ते एका फवाऱ्याने. १९४६ साली मुंबई सरकारने ग्रामीण भागात डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग केला, त्यासाठी निवडलेले जिल्हे होते उत्तर कन्नड आणि धारवाड. डॉ. डी. के. विश्वनाथन हे त्याचे प्रमुख. या डोंगरातला हिवताप पसरवणारी डासाची जात डबक्यात वाढत नाही, स्वच्छ वाहत्या झऱ्याच्या काठाशी वाढते. जंगलात असे झरे हजारो. ते बुजवणार कोण? म्हणून झऱ्यांचा नाद सोडून घराच्या भिंतींवर औषध मारायचं. डास चावून भिंतीवर बसला की मरतो. प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढे देशाचा राष्ट्रीय हिवताप कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला तेव्हा त्याच्या पाठीशी हा अनुभव होता. १९५१ साली जिल्ह्यात सव्वापाच लाखांच्या आत-बाहेर माणसं होती, २०११ ला १४ लाख ३७ हजार. साठ वर्षांत पावणेतीनपट. कागदगिरणी, धरण, रस्ते हे सगळं मागाहून आलं. आधी भिंतींवर औषध लागलं, म्हणून ते बांधायला येणारे मजूर जगले. डीडीटीने पुढे पाखरांचं आणि मातीचं काय केलं ते आपण वाचलेलं आहे. पण हल्याळच्या त्या टपरीवर बसून त्याला शिव्या देणं मला जमलं नसतं.

हल्याळ ते दांडेली अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. दांडेली हे डोंगरातलं गाव वाटतच नाही. चाळी, क्वार्टर्स, चर्च, मशीद, दर्गा, देवळं, आणि या सगळ्यांवर कागदगिरणीची धुराडी. वेस्ट कोस्ट पेपर मिल १९५५ साली स्थापन झाली आणि १९५९ पासून इथे कागद निघू लागला. काळीचं पाणी, दऱ्याखोऱ्यांतला बांबू, अळणावरपर्यंत लाकडासाठी आधीच टाकलेली रेल्वे, सगळं तयार होतं. कामगार मात्र बाहेरून आले. बेळगाव, विजापूर, आंध्र, केरळ, कोकण. म्हणून दांडेलीच्या एका चाळीत पाच भाषा ऐकू येतात. खोऱ्यातल्या लोकसंख्येने घेतलेली सर्वांत मोठी उडी ती हीच, आणि तिच्यात खोऱ्यातली माणसं कमी होती.

बांबूची गोष्ट मात्र खोऱ्यातल्या माणसांची आहे. १९७०च्या दशकात बुरूड आणि टोपल्या विणणारे ओरडू लागले की बांबू संपला. कर्नाटक सरकारने चौकशी सोपवली परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगिळांकडे. त्यांनी जिल्ह्यातली बनं पालथी घातली. कागदगिरणीला सरकार बांबू देत होतं टनाला दीड रुपया दराने, तर बुरडाला तोच बाजारात हजाराच्या घरातल्या भावाने घ्यावा लागत होता. जंगलखात्याचं म्हणणं, गावकरी तोडतात आणि गुरं चारतात म्हणून बेटं मरतात. गाडगिळांना दिसलं ते वेगळं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचा गुंता असतो. नीट तोडणी करता यावी म्हणून खातं आणि गिरणी तो साफ करून घेत, आणि मग कोवळे कोंब गुरं, माकडं, सायाळ सगळ्यांच्याच तोंडी जात. गावकऱ्याला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं, तो काटा ठेवून वरून तोडायचा. दीड रुपयाला टन मिळणारी वस्तू कोण जपून वापरेल? बनं संपली, गिरणी निलगिरी-सुबाभळीकडे वळली. गिरणी अजून चालू आहे. बंद पडले ते बाकीचे, प्लायवूडचा कारखाना, फेरो-मँगनीजची भट्टी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दांडेली शहराची लोकसंख्या वाढली नाही, उलट किंचित घटली, बावन्न हजारांच्या आसपास थांबली.

गिरणीतून निवृत्त झालेले एक काका भेटले. वडील मालवणकडून आलेले, यांचा जन्म इथलाच. मुलगा पुण्याला, सून हैदराबादची. "आता दांडेलीत दोनच धंदे," ते म्हणाले, "गिरणीची पेन्शन खायची नाहीतर रिसॉर्ट काढायचं." काळीचं पाणी नळाने अळणावरला नेण्याची योजना आली तेव्हा दांडेलीने मोर्चे काढले, बंद पाळला. काका त्यात होते. विषय निघाला तसा त्यांचा आवाज चढला. "लाकूड नेलं, बांबू नेला, वीज नेली. पाणी तरी विचारून न्या म्हटलं." अळणावरचे लोक तहानलेले आहेत, हेही त्यांनी मान्य केलं, पण ते चहाचा दुसरा कप आल्यावर.

विजेचं खरंच आहे. दांडेलीच्या वर सुप्याचं धरण, १०१ मीटर उंच, पायाभरणी १९७४, पूर्ण १९८७. धरणापायी वीजघर, खाली नागझरीचं मोठं वीजघर नऊशे मेगावॅटच्या आसपास, आणखी खाली कोडसळ्ळी आणि कद्रा, आणि कद्र्याच्या पाण्यावर कैगाचं अणुवीज केंद्र. डिग्गीजवळ उगम पावून कारवारला समुद्राला मिळेपर्यंत काळी १८४ किलोमीटर वाहते. एवढ्या लहान नदीला एवढं काम लावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हुबळीचे दिवे, बेंगळूरचे पंखे यांत काळीचा वाटा आहे. सुपा हे तालुक्याचं गाव, काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं, ते बाजारपेठेसकट पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, पुष्कळ माणसं रामनगरला बसवली गेली. रामनगरमध्ये अजूनही ओळख विचारताना 'मूळ कुठल्या गावचे' असं विचारतात, आणि उत्तरात जे गाव येतं ते नकाशात निळं असतं.

गणेशगुडीला पूल ओलांडला तेव्हा खाली राफ्टिंगच्या रबरी होड्यांची रांग लागलेली होती. पुण्या-बेंगळूरची तरुण मंडळी शिरस्त्राणं घालून उभी, पाण्याची वाट बघत. इथला प्रवाह टर्बाइनच्या हुकमतीत आहे. वर वीजघरातून पाणी सुटलं की नदी फेसाळते, बंद केलं की खडक उघडे पडतात. राज्याला वीज कधी लागेल यावर होडीवाल्या पोरांची मजुरी ठरते. त्यातला एक पोरगा जवळच्या वाडीतला. "हंगामात दिवस भरतो, पावसाळ्यात गोवा," असं त्याने थोडक्यात सांगितलं. गोवा म्हणजे वेर्णे, फोंडा, हॉटेलं, कारखाने. जोयडा तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गोव्यात असतं, असं मला निदान तीन वाड्यांवर तरी सांगितलं गेलं. त्यांच्यासाठी जवळचं शहर हुबळी नव्हे. हुबळीला जायचं ते मोठ्या सरकारी दवाखान्यात, धारवाडला जायचं ते हायकोर्टाच्या तारखेला. पगार गोव्यात.

जोयडा हा क्षेत्रफळाने जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका, आणि लोकसंख्या जेमतेम पन्नास हजारांच्या घरात, म्हणजे सबंध तालुका मिळून एकटी दांडेली. चौरस किलोमीटरला तीस माणसंही भरत नाहीत. इथले कुणबी कोंकणीच्या जवळची बोली बोलतात, भात-नाचणी करतात, आणि कंद लावतात. रस्त्याकडेला एक मावशी पोत्यावर ढीग मांडून बसली होती. सुरण, कोनफळ, करांदे, आणि मांडीएवढी मुडली, म्हणजे अळवाच्याच कुळातला कंद. हा इथला जुना विमा. पाऊस भाताला दगा देईल, मातीखालचं हत्ती-डुकरांच्या तावडीतून वाचलं तर वर्षभर टिकतं. अलीकडे जोयड्याला दरवर्षी कंदमेळा भरतो, शहरातली माणसं येऊन फोटो काढतात आणि पिशव्या भरून नेतात. मी मुडलीचा भाव विचारला आणि हुबळीच्या मंडईत काय मिळतो तेही. मावशीने माझ्याकडे बघून म्हटलं, हुबळीपर्यंत न्यायला बस-भाडं तू देतोस का?

शेवटचा मुक्काम एका गवळीवाड्यावर. धनगर-गवळी इथे पिढ्यांपूर्वी सातारा-कोल्हापूरकडून म्हशी घेऊन आले, अजून घरात मराठी बोलतात, आणि तिचं वळण देशावरचं आहे. भोवतीचं रान १९५६ पासून अभयारण्य, २००७ पासून व्याघ्र प्रकल्प. २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. रानात म्हशी न्यायला अडचण, रस्ता डांबरी करायला परवानगी नाही, दवाखाना लांब. मग सरकार म्हणतं, राजीखुशीने बाहेर या. प्रत्येक कुटुंबाला आधी दहा लाख मिळत, २०२१ पासून पंधरा. राजीखुशी हा शब्द या बाबतीत फार ताणून वापरलेला आहे, असं माझं मत. जिथे शाळेत शिक्षक टिकत नाही तिथून निघून जाणं ही खुशी कितपत? पण वाड्यावरचे आजोबा माझ्याएवढे हळवे नव्हते. ते व्यवहाराचं बोलत होते. योजनेच्या नियमात अठरा वर्षांवरचा मुलगा हा वेगळं कुटुंब धरला जातो, लग्न झालेलं असो वा नसो.

"बघा," बोटांवर मोजत ते म्हणाले, "मी आन म्हातारी एक. थोरला दोन. मधला गोव्यात हाय, त्यो तीन, नाव हितलंच हाय त्याचं. धाकट्याला चैतात अठरा लागतील, त्यो चार. एका चुलीची चार कुटुंबं झाली. चार पंधरं साठ." मी विचारलं, धाकट्याला अठरा लागेपर्यंत यादी थांबेल का? "यादी बंद करायला आलेल्या सायबाला मी तेच इचारलं," आजोबा म्हणाले, "तर म्हनला, आधारकार्ड दाव."